घाऊक डॉक्टर

मर्रिंगुल, क्वीन्सलँड
१२ मे

उनाईसी आत्या, बुला.

तुमचं पत्र मिळालं. इथली पोरं हसतात मला, की या दिवसांत पत्र कोण लिहितं. मी म्हणालो, वादळात आमच्या बेटावरचा फोनचा मनोरा आडवा झालाय, तो उभा राहीपर्यंत आत्याला हाक मारायची तर कागदावरच. पाचवीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. जी अक्षरं येतात ती तुमच्या दवाखान्याच्या पायरीवर बसून शिकलेली. तेव्हा चुका दिसल्या तर अर्धा दोष तुमचा.

आता एक गंमत सांगतो. गेल्या सोमवारी फळं तोडायला संत्र्याच्या झाडात शिरलो आणि एक काडी डोळ्यात गेली. डोळा टमाट्यासारखा लाल. मुकादम म्हणाला, जा, डॉक्टरला दाखवून ये. या गावात दोन दवाखाने. चर्चशेजारच्या दवाखान्यात काउंटरवर ट्रिश नावाच्या बाई बसतात, केस पांढरे, नखं जांभळी. मी विचारलं, "किती पडतील?"

"कशाचे?"

"डोळ्याचे."

"किती वेळ?"

मी म्हणालो, "डोळा तर कायमचा आहे, बाई."

तर त्या हसल्या. म्हणाल्या, डॉक्टरला किती वेळ लागणार त्यावर पैसे. थोडक्यात आटपलं तर अठ्ठ्याण्णव डॉलर. लांबलं तर दुपटीच्या घरात. मग म्हणाल्या, कार्ड कुठलं? हिरवं? आमचं निळं, ठेकेदारानं काढून दिलेलं विम्याचं. त्या म्हणाल्या, निळं असेल तर आधी सगळे भरा, थोडे मागून परत येतील.

मी बाहेर आलो. पेट्रोल पंपामागे दुसरा दवाखाना, तिथे सत्तर. पण शनिवारी शंभराच्या वर! आणि इथून चाळीस किलोमीटरवर टुगूना गाव आहे, तिथल्या दवाखान्यावर मोठी पाटी आहे म्हणे, तिथे काहीच घेत नाहीत. आता आत्या, मला सांगा. डोळा तोच, काडी तीच, आठवडासुद्धा तोच. मग एकाच डोळ्याचे तीन भाव कसे? बाजारात मासळीचा भाव सकाळ-संध्याकाळ बदलतो ते कळतं, मासा नासतो. डॉक्टर काय नासतो का?

डोळा मी मिठाच्या कोमट पाण्यानं धुतला, तुम्ही करायच्या तसा. बरा झाला. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. झाडावर चढून मी तोच विचार करतो. आमच्यातले काही जण तासावर आहेत, काही पेटीवर. पेटी म्हणजे हा एवढा मोठा लाकडी खोका, माणूस आत झोपेल असा. पेटीवाला पळतो, फळ ओरबाडतो. तासवाला देठ नीट कापतो. मला वाटतं डॉक्टरांचंही तसंच असणार. सत्तरवाला पेटीवर आहे आणि अठ्ठ्याण्णववाला तासावर. बरोबर का? तुम्ही सांगा, तुम्ही त्याच धंद्यातल्या.

तुमचा लेक सायरुसी मजेत आहे. त्याचं नाव आता टाकी. पाण्याचं निळं पिंप आम्हा अकरा जणांसाठी भरतात, त्यातलं अर्धं एकटा पितो. आणि मग दर तासाला झाडामागे. मी मालकाला सांगणार आहे, की ठिबक सिंचनाचा खर्च वाचला तुमचा, माझ्या आतेभावाला पगार वाढवा. कंबरेला सुतळी बांधून फिरतो. मी म्हणालो, लग्नाला कोण देईल रे तुला मुलगी, पँट धरायला एक हात कायमचा गुंतलेला. त्यानं मला संत्रं फेकून मारलं. नेम चुकला. पूर्वी चुकत नव्हता.

तुमचा,
नेमानी

———

वाइसोमो, गाऊ बेट
३० मे

बाळ नेमानी,

तुझं पत्र बुधवारच्या बोटीनं आलं. दवाखान्यात बसून वाचलं आणि इतकी हसले, की बाळंतीण विचारायला लागली, सिस्टर, काय झालं?

तुझा पेटीचा हिशोब वाईट नाही. मला मात्र कधी भाव ठरवावाच लागला नाही. सरकार पगार देतं. औषध फुकट, तपासणं फुकट. कोणी कसावा ठेवून जातं, कोणी मासे. मी तीस वर्षं अशाच समजुतीत होते, की माझ्या दवाखान्यात सगळ्यांना एकच भाव, शून्य. तुझं पत्र वाचल्यापासून पाहायला लागले. शेजारची वासिती येते ती चपलाही न घालता, तिला खरंच शून्य. पण पलीकडच्या किनाऱ्यावरून लैसानी येते, तिला होडीला चार गॅलन तेल. शिवाय तिच्या नवऱ्याचा शेतातला दिवस बुडतो. शिवाय मी त्या दिवशी लसीकरणाला गेलेले असले, तर पुन्हा तेल. म्हणजे लैसानीसाठी मी तुझ्या त्या जांभळ्या नखांच्या बाईपेक्षा महाग! आणि हे मला तीस वर्षांत कोणी बोललं नाही. माझ्या दारावर पाटी नाही म्हणून भावही नाही असं मी समजले होते.

आता दुसरं. टाकी हे नाव कधी पडलं? किती आठवडे झाले? रात्री उठतो का, किती वेळा? पट्टा किती भोकं आत गेला? थकतो का? डोळ्यांपुढे धुरकट दिसतं का? मला ते पाणी आवडलं नाही, नेमानी. आई म्हणून विचारत नाही, सिस्टर म्हणून विचारतेय. एकेक प्रश्नाचं उत्तर लिही. आणि थट्टा वगळून लिही, जमलं तर.

त्याला सांग, दोन ओळी लिहिल्यानं हात झिजत नाही.

आत्या

———

मर्रिंगुल
१५ जून

आत्या, बुला.

तुमचे सगळे प्रश्न वाचले, उत्तरं शेवटी देतो. आधी टुगूनाची हकिकत, नाहीतर ती सांगायला मी फुटून जाईन.

त्या फुकट दवाखान्यावर पाटी आहे, "बल्क बिलिंग". बल्क शब्द मला येतो. किराणा दुकानात पिठाचं मोठं पोतं असतं त्यावर तोच शब्द असतो. सुटं घेतलं तर महाग, घाऊक घेतलं तर स्वस्त. मी म्हटलं, आलं लक्षात! हा घाऊक डॉक्टर आहे. एकटा माणूस गेला तर पैसे, घोळक्यानं गेलं तर फुकट. एपेलीकाकांना पटलं. ते आमच्यात सगळ्यांत थोरले, त्यांचा गुडघाही दुखत होता. म्हणाले, आपण कुठेही जातो ते मिळूनच जातो, यात नवीन काय? मग शनिवारी व्हॅन काढली आणि अकराच्या अकरा जण, आंघोळ करून, केस विंचरून, चर्चला जायचे सुलू नेसून, टुगूनाला.

काउंटरवर चष्मेवाला तरुण. आम्ही रांगेनं आत शिरलो तर तो उभाच राहिला.

"कोणाला दाखवायचंय?"

"सगळ्यांना," मी म्हणालो.

"सगळे आजारी आहात?"

"छे, काकांचा गुडघा तेवढा. एकाला खाज आहे. बाकीचे आम्ही घाऊक भरायला आलोय."

"घाऊक?" तो म्हणाला. मग मी त्याला पिठाच्या पोत्याचं समजावून सांगितलं. आत्या, त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे पुसले. आतून डॉक्टर डोकावले, त्यांनाही त्यानं सांगितलं, मग तेही. पण वाईट हसत नव्हते. चहा दिला.

तो म्हणाला, घाऊक माणसं नसतात, बिलं असतात. इथल्या माणसाकडे हिरवं कार्ड असतं. त्याला तपासलं की डॉक्टर बिल थेट सरकारकडे लावतो. सरकार एक ठरलेली रक्कम देतं, सगळ्या देशात तीच. डॉक्टर तेवढ्यावर भागवायला तयार असेल तर रोग्याला शून्य. भागत नसेल तर वरचे पैसे रोगी देतो. त्या वरच्या पैशाला ते "फट" म्हणतात. सरकार देतं आणि डॉक्टर मागतो यांच्यामधली फट. ही फट डॉक्टर ठरवतो. जागेचं भाडं, नर्सचा पगार, गावात दुसरा डॉक्टर आहे की नाही, असं सगळं बघून. शहरात एकाला लागून एक दवाखाने असतात, तिथे फट बारीक. जिथे डॉक्टर एकच, तिथे फटीतून बैल जाईल!

आणि आम्हाला काय? आम्ही पाहुणे, हिरवं कार्ड नाही. आम्हाला टुगूनात पंच्याऐंशी. फुकटाची पाटी खरीच होती, फक्त आमच्यासाठी नव्हती.

काकांनी पंच्याऐंशी भरले नाहीत. म्हणाले, गुडघ्याला वेळ देऊन बघू. सगळे परत व्हॅनमध्ये. पण तुमच्या लेकानं मात्र वसूल केलं. तिथे गार पाण्याचं मशीन होतं, कागदी पेले. पहिला पेला प्यायला, दुसरा, सहावा. एक नर्स जाता जाता म्हणाली, तहान लागलीय वाटतं? हा म्हणतो, "एवढ्या लांब आलो बाई, काहीतरी फुकटचं नको का न्यायला?" सगळा दवाखाना हसला. परत येताना दोनदा गाडी थांबवावी लागली. मी म्हणालो, पुढच्या वेळी याला छतावर बांधा, रस्त्यावरची धूळ बसेल.

आता तुमचे प्रश्न. नाव पडून सहा-सात आठवडे झाले. रात्री चार वेळा उठतो, चारही वेळा माझ्या पायावर पाय देतो. पट्ट्याला खिळ्यानं दोन नवी भोकं पाडली, मग पट्टाच टाकला. थकतो म्हणजे काय, जेवणाच्या सुट्टीत झाडाखाली घोरतो, मूळचाच आळशी. धुरकट म्हणाल तर परवा देठाऐवजी स्वतःचं बोट कापलं. म्हणाला, फळं पुसट दिसतात. मी म्हणालो, आरशात बघतोस ना, त्यानं डोळे गेले. आणि आमच्या मोरीपाशी मुंग्या लागतात, त्याला आम्ही म्हणतो, गोड माणूस आहे.

मी त्याला म्हटलं, आई विचारतेय, दाखव एकदा. तर म्हणतो, "पंच्याऐंशी डॉलर देऊन काय ऐकू, की मी पाणी पितो? ते तू फुकट सांगतोस." आणि मी दाखव म्हटलं ते त्याला थट्टाच वाटली. आमचं तसंच आहे.

काळजी करू नका. तो दणकट आहे.

नेमानी

———

वाइसोमो
२६ जून

नेमानी,

हे पत्र सेरू तुझ्या हातात देईल. तो नव्या तुकडीबरोबर तिकडे निघालाय. बसू नकोस, उभ्या उभ्या वाच.

सायरुसीला साखरेचा आजार आहे. मी त्याला पाहिलेलं नाही, पण मला पाहायची गरज नाही. तहान, लघवी, मुंग्या, उतरलेली कंबर, धूसर डोळे. तू एकेक करून सगळं लिहिलंस, आणि एकेकावर हसलास. तुझे वडील, माझा भाऊ, असेच पाणी प्यायचे. तू तेव्हा सात वर्षांचा होतास, तुला त्यांचा कापलेला पाय आठवत असेल, पाणी आठवत नसेल. त्यांना निदान वर्षं मिळाली. जवान मुलात इतक्या भराभर होतं तेव्हा वर्षं मिळत नाहीत, दिवस मिळतात. पोटात दुखून ओकाऱ्या लागल्या किंवा श्वास जोरजोरात चालला, तर डॉक्टरही नको, सरळ इस्पितळाची गाडी बोलाव.

मी रेडिओवरून लेवुकाच्या इस्पितळाला सांगितलं. त्यांनी तुमच्या ठेकेदाराला तीन फोन लावले, कोणी उचलला नाही. मी स्वतः निघाले असते, पण इथे दोघींचे दिवस भरलेत आणि दुसरी सिस्टर नाही.

तुला दोष देत नाही. आते-मामेभावांनी सरळ बोलायचं नाही, चिडवायचं, ही आपली रीत. मीही माझ्या मामेभावाशी अशीच वागले. पण त्यामुळेच तुझं काही तो खरं मानणार नाही. तू "मरशील" म्हणालास तर तो टाळी देईल. म्हणून तू मामेभाऊ म्हणून जाऊच नकोस. आपल्याकडे मोठं काही मागायला नेतात तशी यांगोनाची मुळी घेऊन जा. मांडी घाल, दोन्ही हातांनी पुढे धर आणि रीतसर माग. यांगोना समोर ठेवून मागितलेलं नाकारायला त्याला मी शिकवलेलं नाही.

आणि भाव. तू तीन दवाखान्यांचे भाव शोधलेस, हुशार आहेस. आता त्यातला स्वस्त शोधू नकोस. जवळचा शोध.

उनाईसी

———

मर्रिंगुल
५ जुलै

आत्या,

तो जिवंत आहे. हे आधी लिहितो, मग बाकीचं.

सेरू सोमवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत आला. मी उभा राहून वाचलं. सायरुसी समोरच झाडाखाली घोरत होता. मी त्याच्याकडे पाहिलं, तर आत्या, तो मला पहिल्यांदाच दिसला. गाल आत. गळ्याचं हाड वर. मी रोज त्या चेहऱ्यावर विनोद करत होतो आणि चेहरा पाहत नव्हतो.

इथे यांगोनाची मुळी कुठली मिळायला, काकांकडे पुडी होती. ती मी वर्तमानपत्रात बांधली. काम सुटल्यावर सगळे बराकीत जमले तेव्हा मी अंघोळ केली, सुलू नेसलो, आणि त्याच्या खाटेसमोर जमिनीवर मांडी घालून बसलो.

तो खाटेवर पडून होता. म्हणाला, "काय रे, कोणाची मागणी घालायला आलास? काकांची?"

पोरं हसली. मी हसलो नाही. पुडी दोन्ही हातांनी पुढे धरली. पुढचे शब्द मला नीट येत नव्हते, चर्चमध्ये वडीलधारे बोलतात ते ऐकून ऐकून जेवढे माहीत तेवढे. मी म्हणालो, "उनाईसीच्या लेका, तुझ्या घराला, तुझ्या मातीला माझा नमस्कार. ही फार लहान भेट आहे. माझे हात रिकामे आहेत, बोलणं तोकडं आहे. माझ्या आत्याच्या वतीनं आणि माझ्या गेलेल्या वडिलांच्या वतीनं मी तुझ्याकडे एकच मागतो. उद्या सकाळी माझ्याबरोबर डॉक्टरकडे चल."

कोणी हसलं नाही. तो उठून बसला. माझ्याकडे बघत होता, मी कधी फिसकन हसतो त्याची वाट बघत. मी पुडी तशीच पुढे धरून बसलो. मग तो हळूच खाली उतरला. माझ्यासमोर मांडी घातली. पुडी घेतली, आणि ओंजळीच्या तीन टाळ्या वाजवल्या, सावकाश. नुसतं म्हणाला, "किती घेतील?"

मी म्हणालो, "ते माझ्याकडे."

सकाळी चर्चशेजारच्या दवाखान्यात गेलो. ट्रिशबाई म्हणाल्या, "आज कुठला डोळा?" मी म्हणालो, "माझा नाही, हा." त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं भिंतीला हात लावला होता. त्यांनी मला वेळ विचारली नाही, कार्ड विचारलं नाही. वहीतलं काहीतरी खोडलं आणि आमच्या आधी बसलेल्या चार माणसांसमोरून आम्हाला आत नेलं.

डॉक्टर मुटासा झिम्बाब्वेच्या आहेत, बुटक्या, आवाज जाड. बोट टोचलं, थेंब यंत्राला लावला. यंत्रावर आकडा येतो ना? आकडा आलाच नाही. नुसती दोन इंग्रजी अक्षरं आली, "हाय". मला वाटलं, काय मशीन आहे, नमस्कार करतं! सायरुसीलाही तेच वाटलं असणार. तो यंत्राकडे बघून उलट नमस्कार केल्यासारखा म्हणाला, "बुला."

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी दुसऱ्या बोटाचं पुन्हा बघितलं. पुन्हा "हाय". मग मला म्हणाल्या, हा नमस्कार नाही. साखर इतकी वर आहे, की याला मोजता येत नाही. त्यानंतर त्यांनी जे केलं ते मी मोजत बसलो नाही, पण घड्याळ समोरच होतं. पन्नास मिनिटं त्या खोलीबाहेर गेल्या नाहीत. सलाईन लावली, इस्पितळाला फोन केला, गाडी मागवली, सगळं स्वतः. बाहेर ती चार माणसं बसून होती. मी दारातून डोकावलो तर एक म्हातारी म्हणाली, "आमचं होईल नंतर, पोरा." गाडीत चढवताना डॉक्टरांनी मला सांगितलं, अजून दोन दिवस उशीर झाला असता तर तो एका सकाळी उठलाच नसता.

गाडी गेली. मी काउंटरवर आलो. ट्रिशबाईंनी कागद पुढे केला. एकशे शहात्तर डॉलर. माझी दीड दिवसाची मजुरी. मी मोजून ठेवले. त्या समजावून सांगायला लागल्या, की वेळ जास्त लागला म्हणून असं, विम्याचे एवढे परत येतील, अर्ज असा भरायचा. माझ्याबद्दल त्यांना माहीत होतं ना, की हा पोरगा भाव विचारत फिरतो. मी म्हणालो, असू दे बाई. आत्या, दोन महिने मी हा प्रश्न घेऊन फिरतोय, आणि त्या दिवशी मला तो विचारावासाच वाटला नाही. त्या खोलीत मी उत्तर बघून आलो होतो. डॉक्टरांची त्या सकाळची पेटी अर्धीच भरली, आणि त्यांनी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

आता तो इस्पितळात आहे. शुद्धीवर आहे, जेवतो. सुई आयुष्यभर घ्यावी लागेल म्हणाले. ठेकेदार येऊन गेला, काम राहील की परत पाठवतील ते अजून सांगत नाही. काका आणि बाकीच्यांनी मिळून त्याला निरोप दिलाय, की पाठवायचं असेल तर अकरा तिकिटं काढ.

एकच गोष्ट वाईट झाली. ती तुमच्यापासून लपवत नाही. त्या संध्याकाळपासून आम्ही एकमेकांना चिडवलेलं नाही. मी इस्पितळात जातो, तो म्हणतो, ये, बस. मी विचारतो, बरं वाटतं का? तो म्हणतो, हो, आभारी आहे. पाहुण्यांसारखं. काल तर त्यानं मला खुर्ची दिली. यांगोना ठेवून मागितलं ते परत कसं उचलायचं, हे मला कोणी शिकवलेलं नाही. तुम्हाला ठाऊक असेल तर लिहा.

नेमानी

———

वाइसोमो
१७ जुलै

नेमानी,

दोन्ही बाळंतपणं पार पडली, एक मुलगी, एक मुलगा. तुझं पत्र आलं तेव्हा माझे हात अजून ओले होते, वासितीनं वाचून दाखवलं. पहिल्या ओळीनंतर तिला थांबवलं आणि मागे विहिरीवर जाऊन आले. मग उरलेलं ऐकलं.

यांगोना परत उचलता येत नाही. उचलायचं नसतंच. पण तू मागितलं होतंस ते त्यानं देऊन झालं. देणं पुरं झालं की दोघं मोकळे. हे त्याला ठाऊक नाही आणि तुला ठाऊक नाही, कारण तुमचे बाप ते तुम्हाला सांगायच्या आधीच गेले. तेव्हा आता मी सांगते. तुम्ही मोकळे आहात. सुरुवात कोणी करायची ते तुम्ही बघा, त्यात मी पडणार नाही.

त्या डॉक्टरीणबाईंसाठी चटई विणायला घेतलीय. तिचा भाव काय लावायचा ते तू ठरव.

तुझी आत्या

———

जिल्हा इस्पितळ
२ ऑगस्ट

आई,

हात झिजत नाही म्हणालीस म्हणून लिहितोय. अक्षर वाईट आहे, ते बोटाला चिकटपट्टी आहे म्हणून. सोडलं होतं मला, मग औषधाचं माप बसवायला दोन दिवस परत घेतलंय. उद्या बराकीत जाईन. ठेकेदारानं ठेवून घेतलं, शेडमध्ये फळं निवडायचं काम देतो म्हणाला. सुई मी स्वतः टोचतो. नर्स म्हणते, तुझा हात हलका आहे. तो तुझा असणार.

तुला एक सांगायचं होतं. त्या दिवशी नेमानी माझ्यासमोर मांडी घालून बसला आणि त्यानं मला एक शिवी दिली नाही, तेव्हाच मला कळलं की मी मरतोय. पंच्याऐंशी काय आणि शंभर काय, ते सगळं बहाणे होते. मला भीती वाटत होती, मामांच्या पायाची. मी ते कोणाला म्हणू शकलो नाही, कारण म्हणालो असतो तरी ते हसण्यावारीच गेलं असतं.

त्यानंतर महिनाभर तो माझ्याशी असा गोड बोलत होता, की मला वाटायचं डॉक्टर माझ्यापासून अजून काहीतरी लपवतायत. प्रत्येक भेटीनंतर मी नर्सला विचारायचो, मी खरंच बरा होतोय ना?

आज सकाळी तो आला. हातात तुझं पत्र. दारातूनच सगळा वॉर्ड ऐकेल असा ओरडला, "काय हे, अजून मेला नाहीस? मी तुझे बूट विकले रे!"

आई, तेव्हा मला विश्वास बसला.

तुझा,
सायरुसी